शुक्रवारच्या पत्रकातली आजी

माझ्या लेकीच्या शाळेचं पत्रक दर शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास फोनवर येतं. मी ते ऑफिसात, मीटिंग चालू असली तरी, टेबलाखाली धरून वाचते. बाकीच्या आया वाचत नाहीत. त्या रविवारी रात्री ग्रुपवर विचारतात, "यार, कल क्या पहनाना है?" आणि मग मीच उत्तर देते.

शाळा नन्सची आहे, पाचवीपर्यंतची, नोएडातच, आमच्या सेक्टरपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. पत्रकाचा साचा ठरलेला. वर मेणबत्तीचं चित्र, मग प्रिन्सिपल सिस्टरचे दोन शब्द, आठवड्याचे वाढदिवस, हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू, पुढचे कार्यक्रम आणि शेवटी फोटो. भाषा इतकी गोड की मला लगेच शंका येते. 'पालकांना नम्र विनंती' असं आलं की समजायचं, कुणीतरी मोठा घोळ घातलाय आणि नाव घ्यायची सोय नाही. एकदा 'डब्याविषयी थोडंसं' असा मजकूर आला, तर मी दोन दिवस तपास करून कुणाच्या डब्यात चिप्सचा पुडा निघाला होता ते शोधून काढलं. नवरा म्हणाला, "अगं, तुला दुसरा उद्योग नाही का?" नाहीच मुळी. संशय घेणं हाच माझा उद्योग आहे आणि त्याचाच मला पगार मिळतो. मी सॉफ्टवेअर तपासते. ज्यांनी ते बनवलं ते सांगतात की सगळं ठीक आहे, आणि ठीक नाहीये हे दाखवून द्यायला कंपनीने मला ठेवलंय.

ही सवय ऑफिसात ठेवून घरी येता आलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या थंडीत मी आईला पुण्याहून आमच्याकडे आणलं. बाबा गेल्यावर ती एकटी राहत होती आणि विसरायला लागली होती. आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण होती, जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळला. अजून मराठी पेपर हातात आला की लाल पेन शोधते आणि चुका काढत बसते. पण दूध कधी आलं, आपण जेवलो का, जावयाचं नाव काय, यात गडबड व्हायची. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, काय काय होतं ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी दाखवा. झालं. मला कुणी लिहून ठेवायला सांगितलं की मी कसं लिहिणार? जसं येतं तसंच. फोनमध्ये एक यादी केली. तारीख, काय झालं, कितपत गंभीर, एक म्हणजे सगळ्यात गंभीर. गॅस चालू राहिला, गंभीर एक. नवऱ्याला दादाच्या नावाने हाक मारली, गंभीर तीन. आंघोळ झाली असताना पुन्हा टॉवेल घेऊन निघाली, गंभीर तीन. आमच्याकडे सॉफ्टवेअरमधल्या चुका अशाच नोंदवतात.

यादी डॉक्टरांसाठी होती हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दर रविवारी पुण्याहून दादाचा फोन यायचा. त्याने पुण्याजवळ एक केंद्र बघून ठेवलं होतं, अशा विसराळू म्हाताऱ्या माणसांसाठी. चांगलं होतं, बाग वगैरे होती. दादा विचारायचा, "किती झाल्या गं?" आणि मी यादी वाचून दाखवायची. दिवाळीपर्यंत बघू, फारच वाढल्या तर फॉर्म भरू, असं आमचं ठरलं होतं. म्हणजे आईने आमच्याकडे राहायचं की नाही हे त्या यादीवर ठरणार होतं. बोलणं आम्ही हळू आवाजात करायचो. आमचा फ्लॅट तीन खोल्यांचा आहे, हळू आवाज जाऊन जाऊन कुठे जाणार?

मार्चमध्ये लेकीच्या वर्गाचा छोटा कार्यक्रम होता, तिकडे मी आईला घेऊन गेले. शाळेच्या व्हरांड्यात मुलं धावत होती. आईने तिथल्या तिथे त्यांना दोन रांगांत उभं केलं, हाताची घडी, तोंडावर बोट, आणि चक्क मराठीत हजेरी घ्यायला लागली. पोरं बिचारी उभी राहिलीसुद्धा. मी लाजेने अर्धी झाले. गंभीर दोन.

आणि मग मे-जूनमध्ये यादी थांबली. एकही नोंद नाही. गॅस बंद असायचा, चष्मा जागेवर, दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये. नवरा म्हणाला, "बघ, तिला इथलं मानवलं." दादा म्हणाला, "गोळी लागू पडली." मला मात्र बिल्कुल पटेना. चुका हळूहळू कमी झाल्या तर ठीक आहे. एकदम बंद झाल्या की माझ्यासारखीला धडकी भरते, कारण त्याचा अर्थ चुका संपल्या असा नसतो, आपल्याला दिसेनाशा झाल्या असा असतो. मी आईच्या मागे मागे फिरायला लागले. ती ओट्यापाशी गेली की मी पाणी प्यायला जायची. तिने हाक मारली की कुणाला मारली ते कान देऊन ऐकायची. काही मिळायचं नाही, आणि माझ्या मनातली पाल चुकचुकत राहायची.

असे दिवस चालले असताना जुलैच्या शेवटी पत्रकात तो फोटो आला.

शुक्रवार, तीन वाजून गेलेले, टेबलाखाली फोन. फोटोत माझी लेक एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसलेली. पांढरी सुती साडी, डोक्यावर काही नाही, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटासा क्रॉस. ती बाई माझ्या लेकीला हाताने लाडू भरवत होती आणि माझी लेक, जी माझ्या हातून घास घ्यायला आता लाजते, ती आ करून बसली होती. खाली लिहिलं होतं की आमच्या शाळेत आजी-आजोबा दिवस आनंदात पार पडला.

कसला आजी-आजोबा दिवस? मला पत्ताच नाही. आणि ही बाई कोण?

माझं डोकं सणकलं. मीटिंगमधून उठून जिन्यात गेले आणि मागची सगळी पत्रकं उघडून बघितली. दर शुक्रवारचं होतं, फक्त आदल्या शुक्रवारचं नव्हतं. त्या दिवशी तीनला काही आलंच नव्हतं, आणि ऑफिसच्या घाईत नंतर मीही बघितलं नव्हतं. एकच गायब. असं आपोआप होत नसतं, हे मला माझ्या धंद्यात चांगलं माहीत आहे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी गेल्या गेल्या लेकीसमोर फोन धरला. "ही कोण?"

"सिस्टर आहे. म्हातारी सिस्टर. रिटायर्डवाली."

"आणि आजी-आजोबा दिवस कधी झाला?"

"काल."

"मला सांगितलं का नाहीस?"

"पत्रकात होतं ना," असं म्हणून ती पेन्सिलला टोक करायला लागली. टोक आधीच चांगलं होतं. हे मी पाहिलं, पण तेव्हा माझा सगळा राग शाळेवर होता, म्हणून त्यावर विचार केला नाही. आई कोचावर बसून पेपर वाचत होती. तिने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

शनिवार-रविवार मी मनात भांडण तयार केलं. माझी खात्री पटली होती की शाळेने आम्हाला गोड बोलून, म्हणजे न बोलताच, वगळलं. मार्चमधली ती हजेरी त्यांना आवडली नसणार. आता या बाईंना बोलावलं तर पाहुण्यांना रांगेत उभं करतील, असं कुणीतरी म्हणालं असणार, आणि आमच्या घरचं पत्रक थांबवलं असणार. बरं, आईला नका बोलावू. पण मला न विचारता कुठल्यातरी बाईला माझ्या मुलीची आजी करून बसवायचं? शेजारच्या काकूंना हे कळलं, तर त्यांनी वेगळाच सूर लावला. "इन लोगों का यही तरीका है," म्हणाल्या. मी त्यांना तिथेच गप्प केलं. मला संशय घ्यायचा तर मी माझा माझा घेते, दुसऱ्याचा उसना घेत नाही.

सोमवारी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि शाळेच्या फाटकावर जाऊन वहीत सही केली. प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या आहेत, बुटक्या, हसऱ्या, आणि हसतात म्हणूनच मला त्यांची भीती वाटते. मी सगळं एका दमात बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी मागवलं आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

निमंत्रण सगळ्या घरांना गेलं होतं, फक्त त्या शुक्रवारी पत्रक उशिरा, सातला निघालं होतं. आमच्याकडेही. माझ्या फोनवर ते उघडलं गेलं होतं. येणार की नाही या प्रश्नापुढे 'नाही' दाबलेलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, आणि खाली इंग्रजीत एक ओळ होती. आजी पुण्याला गेली आहे.

सिस्टरनी सांगितलं की जुलैच्या शेवटी मेरीच्या आईवडिलांचा, म्हणजे येशूच्या आजी-आजोबांचा सण असतो, म्हणून त्या आठवड्यात हा दिवस ठेवतात. ज्या मुलांचे आजी-आजोबा लांब असतात किंवा नसतात, त्यांच्यासाठी मागच्या कॉन्व्हेंटमधल्या रिटायर्ड सिस्टर येऊन बसतात. दरवर्षीची पद्धत आहे. "आपने ही तो मना किया था," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, मिळाला नाही.

संध्याकाळी साडेसात. त्या वेळी मी कणीक मळत असते आणि माझा फोन अर्धा तास लेकीकडे असतो, शाळेचा अभ्यास बघायला.

सिस्टरना माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. म्हणाल्या, त्या सिस्टरना भेटून जा, त्यांना तुमच्याशी बोलायचं आहे. मागच्या व्हरांड्यात फोटोतली ती बाई एका स्टुलावर बसून लसूण सोलत होती. मी कुणाची आई ते प्रिन्सिपल सिस्टरनी तिला दोनदा सांगितलं. मग तिने मला शेजारी बसवून घेतलं.

"तुम्हारी बच्ची बहुत कम बोलती है," ती म्हणाली. "मुझसे बस एक बात पूछी. सिस्टर, आप कभी भूल जाते हो क्या? मैंने कहा, रोज़. तो पूछती है, फिर आपको यहाँ से भेजते नहीं?"

मी खाली पडलेली लसणीची एक पाकळी उचलली.

"मैंने कहा, बेटा, पीछे की बिल्डिंग में हम सब भूलते हैं. किस-किस को भेजेंगे?" आणि ती इतकी हसली की मांडीवरची सालं खाली सांडली. मला तिथे रडू फुटलं. तिने लसणीचा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि थोड्या वेळाने विचारलं की तू कुणाची आई.

त्या दिवशी मी ऑफिसला गेलेच नाही. लेक दुपारी घरी आली, मी तिचे मोजे काढले, सरबत दिलं आणि मग विचारलं. ओरडले नाही. ओरडायचं त्राणच नव्हतं. तिने आधी पत्रक आपोआप गेलं म्हणून सांगून बघितलं, मग म्हणाली, "शाळेत आजी काही चुकली असती ना, तर तू लिहून ठेवलं असतंस. आणि मग मामाला वाचून दाखवलं असतंस."

तिला सगळं माहीत होतं. यादी, दादाचा फोन, दिवाळी, केंद्र, बागसुद्धा. आणि मे महिन्यापासून आठ वर्षांची ही पोर आजीच्या मागे फिरत होती, माझ्याही आधी. शाळेतून आल्यावर पहिल्यांदा गॅसचं बटण बघायची. चष्मा पुस्तकांच्या कपाटात सापडला की जागेवर ठेवायची. आजीने तिच्या बाबांना चुकीची हाक मारली की जोरात खोकायची. मी जिथे जिथे काही शोधायला गेले, तिथे ती माझ्या आधी येऊन आवरून गेली होती. चुका दिसेनाशा झाल्यात हा माझा संशय अगदी खरा निघाला. आजवर खऱ्या निघालेल्या संशयाचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"एकदा गॅस चालू होता," ती म्हणाली. "खूप वास येत होता. मी बंद केला. खिडकी पण उघडली."

मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की गॅसचं तरी मला सांगायचं, काहीही झालं तरी सांगायचं, आजीला कुठेही पाठवणार नाही, आणि मी आता लिहिणार नाही. तिने विचारलं, "प्रॉमिस?" मी म्हटलं, "प्रॉमिस." तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पत्रकातल्या नम्र विनंतीकडे बघते.

आई आतल्या खोलीत होती. मला वाटलं झोपलीये. ती आतूनच म्हणाली, "पोरीला रागावू नकोस. मला ठाऊक होतं." काय ठाऊक होतं, कितपत, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या रविवारी दादाचा फोन आला. "किती झाल्या?" मी म्हटलं, "मोजणं बंद केलंय. फॉर्म भरू नकोस. गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवून घेतलंय आणि दुपारी एक बाई ठेवलीये." दादा चिडला. म्हणाला, उद्या काही झालं तर? मी म्हटलं, होईलच, तेव्हा बघू. यादी मात्र मी पुसून टाकली नाही. डॉक्टरांना दाखवायची होती, हे कारण खरंच होतं. फक्त त्यात पुढे काही लिहिलं नाही.

सप्टेंबरच्या एका पत्रकात आलं की पुढच्या आठवड्यात गोष्टींचा तास आहे. आजी-आजोबांनी येऊन आपापल्या भाषेत गोष्ट सांगायची, मुलांनी हिंदीत समजावून द्यायची. मी लेकीला बोलावलं, फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "दाब." तिने बराच वेळ विचार केला, आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि 'हो' दाबलं.

आईने चॉकलेटी काठाची साडी नेसली. वर्गात सतरंजीवर मुलं बसली होती, मागे खुर्च्यांवर चार-पाच पालक, आणि कोपऱ्यात ती लसूण सोलणारी सिस्टर. आई उभी राहिली आणि कसला कागद नाही, काही नाही, तिथल्या तिथे रचून गोष्ट सुरू केली. एका बकरीला शाळेत जायचं असतं. फाटकावरचा गार्ड म्हणतो, आयडी कार्ड दाखव. बकरी म्हणते, खाल्लं. लेक शेजारी उभी राहून एकेक वाक्य हिंदीत सांगत होती आणि मुलं लोळून हसत होती. मला माझी आई दिसत होती, मी पहिलीत असताना होती ती.

मग बकरी वर्गाच्या दाराशी आली आणि आई थांबली. तिने खिडकीकडे बघितलं, साडीचा काठ चाचपला. आणि मग तशाच खणखणीत आवाजात म्हणाली, "एक होती बकरी. तिला शाळेत जायचं होतं."

मी खुर्चीतून अर्धी उठले. पण लेकीने पापणीसुद्धा हलवली नाही. "फिर बकरी क्लास के अंदर आई," ती म्हणाली, "और टीचर की कुर्सी पर बैठ गई." आई मागे फाटकाशी गार्डबरोबर, आणि लेक पुढे वर्गात. आईच्या बकरीने कार्ड खाल्लं, लेकीच्या बकरीने हजेरीचं रजिस्टर खाल्लं. आईचं मराठी पुन्हा पहिल्यापासून चाललं होतं आणि लेकीचं हिंदी शेवटाकडे. ऐकणाऱ्यांत मराठी कळणारी मी एकटी होते. बाकी सगळ्यांसाठी ती एकच गोष्ट होती, आणि फार छान चालली होती. मला इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना. या दोघींचा असा फोटो हवाच म्हणून मी पर्समधून फोन काढला.

लेक वाक्याच्या मधेच थांबली.

तिची नजर माझ्या हातावर होती. पोरं ओरडत होती, "फिर? फिर क्या हुआ?" आई तिच्या गार्डशी बोलत होती. मी घाईघाईने फोन उलटा करून पडदा तिला दाखवला, नुसते ओठ हलवून म्हटलं, फोटो, फोटो. तिने मान हलवली. फोटोसाठी हसतात तसं हसली.

मी फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. तिने बकरी पास झाली तिथपर्यंत गोष्ट नीट पूर्ण केली, एकही वाक्य न चुकता, पण सगळा वेळ माझ्या पर्सकडे बघत.